मान दोघांचा

नवरा-बायकोत कसला आलाय मान आणि कसली रीत, असं लग्न ठरलेली मुलं-मुली हल्ली सर्रास म्हणतात. आमचं प्रेम आहे, आम्ही आधी मित्र आहोत, आम्हाला असलं काही लागत नाही. हे मी माझ्या भाच्याकडून ऐकलं, जुन्या विद्यार्थिनींकडून ऐकलं आणि समुपदेशन केंद्रात समोरच्या खुर्चीवर बसलेल्या नवऱ्यांकडूनही ऐकलं. नवऱ्यांच्या तोंडी ते जरा निराळ्या शब्दांत येतं. "घरच्या बाईशी काय मॅडमशी बोलल्यागत बोलायचं का?" होय, तसंच बोलायचं, हे माझं उत्तर आहे आणि ते मी गंभीरपणे देते.

माझं माहेर कराडजवळचं, सासर पलूस तालुक्यातलं. नोकरीभर माध्यमिक शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला. निवृत्त झाल्यावर सांगलीत राहायला आले आणि बायकांच्या समुपदेशन केंद्रात बसू लागले. तिथं येणारी बाई मारहाण झाली असली तरी ती पहिल्यांदा सांगत नाही. ती आधी म्हणते, "चारचौघांत बोलत्यात वो." एकीनं सांगितलं, घरात पाहुणे जेवायला बसले होते. नवऱ्यानं ताटातली भाकरी दोन बोटांनी उचलली, पाहुण्यांना दाखवली आणि पुन्हा ताटात टाकली. तोंडानं एक शब्द काढला नाही. पाहुण्यांतला एक जण हसला. भाकरी करपली होती हे ती स्वतःच कबूल करत होती. पाहुणे गेल्यावर त्यानं चार शब्द सुनावले असते तर ते ऐकून घ्यायची तिची तयारीही होती. पण त्या हसण्यानंतर तिनं त्याच्याशी मनापासून बोलणं सोडलं, आणि केंद्राची पायरी चढेपर्यंत मधे कितीतरी वर्षं गेली.

म्हणून मला वाटतं, प्रेम आहे तर रीत कशाला हा प्रश्नच उलटा आहे. प्रेम रोज सारखं नसतं. तोड वेळेवर मिळाली नाही, ऊस शिवारात उभाच वाळतोय, कारखान्याचं बिल अडकलंय, रात्रीच्या लायटीला मोटर चालू करायला गेलेला माणूस पहाटे चिखलाचे पाय घेऊन घरी येतो. त्या सकाळी त्याच्याकडून प्रेमाची अपेक्षा धरण्यात अर्थ नाही. तिचंही तेच असतं. रात्रभर पोरगं तापानं फणफणलेलं असतं, सकाळी बचत गटाचा हप्ता भरायचा असतो, सासूचं गुडघ्याचं दुखणं असतं. अशा दिवशी घर चालतं ते सवयीनं. ताट सरकवायचं नाही, माहेर काढायचं नाही, दुसऱ्यांदेखत उणंदुणं करायचं नाही, या सवयी अंगी मुरल्या असतील तर तो दिवस निभावून जातो. मुरल्या नसतील तर त्या एका सकाळचं बोलणं दहा वर्षं घरात फिरत राहतं.

आता जुन्या रीतीबद्दल खरं बोललं पाहिजे, कारण तिचे गोडवे गाणारी माणसं अर्धंच सांगतात.

माझे सासरे शेतातून आले की उंबऱ्याबाहेर पायताण काढायचे आणि मोठ्यानं खाकरायचे. आत आम्ही सुना असू, कुणी पदर सोडून काम करत असेल, कुणी लेकराला पाजत असेल. खाकरणं ऐकलं की आम्ही सावरायचो, मग ते आत यायचे. स्वतःच्या घरात शिरतानाही ते असे परवानगी मागून शिरायचे, आणि आयुष्यात हे एकदाही चुकलं नाही. ही सभ्यता मी डोळ्यांनी पाहिली आहे, तिला मी जुनाट म्हणणार नाही. पण याच सासऱ्यांनी सासूबाईंना कधी नावानं हाक मारली नाही. "कुठं गेली?" एवढंच विचारायचे, आणि ते आपल्यासाठी आहे हे सासूबाईंना कळायचं. त्या त्यांना "आवो" म्हणत. त्यांचं जेवण झाल्याशिवाय जेवत नसत, रस्त्यानं चालताना चार पावलं मागं राहात. गावच्या जत्रेला मटण शिजलं की खडे पुरुषांच्या ताटात जायचे आणि पातेल्याच्या तळाशी राहिलेला रस्सा बायकांच्या वाट्याला यायचा. मध्यरात्र उलटल्यावर चुलीपुढं बसून त्या रश्श्यात भाकरी कुस्करणाऱ्या बायकांत मीही होते. मान होता, पण तो खालून वरच चढायचा. तिनं द्यायचा आणि त्यानं घ्यायचा.

एवढ्यासाठी ती रीत फेकून द्यावी असं माझ्या सुनेच्या वयाच्या मुलींना वाटलं तर त्यांचा राग समजण्यासारखा आहे. तरी माझं म्हणणं असं की ती फेकू नये, दुसऱ्या बाजूनंही सुरू करावी. हे आपल्या मातीला नवं नाही. सातारा-सांगलीच्या माणसाला तर ते परकं वाटायचं कारणच नाही.

सावित्रीबाई फुले खंडाळा तालुक्यातल्या नायगावच्या आणि जोतीरावांचं घराणं खटाव तालुक्यातल्या कटगुणचं, म्हणजे ते दोघंही मूळचे आपल्या सातारा जिल्ह्याचे. १८५६ साली सावित्रीबाई आजारपणामुळे नायगावला माहेरी होत्या. तिथून त्यांनी जोतीरावांना लिहिलेलं पत्र आज आपल्याला वाचायला मिळतं. महारमांगांना शिकवता म्हणून भावानं दोघांनाही बोल लावले, तेव्हा माहेरच्या ओसरीवर बसून त्यांनी नवऱ्याची आणि आपल्या कामाची बाजू कशी मांडली, हे त्यात आहे. आणि जोतीरावांची बाजू? १८७३ साली सत्यशोधक पद्धतीचं लग्न त्यांनी सुरू केलं, त्याच्या मंगलाष्टकांत वधू बोलते. बायकांच्या हक्काबद्दल ती वराला विचारते आणि वराला सगळ्या मांडवासमोर शपथ घ्यावी लागते. त्या काळात नवरीला मान वर करून बघायचीही मुभा नव्हती. तिला सवाल करायला लावणं आणि नवरदेवाला उत्तर द्यायला लावणं याहून मोठी सभ्यता मला माहीत नाही. जोतीराव गेले तेव्हा अंत्ययात्रेत टिटवं हातात धरून पुढं सावित्रीबाई चालल्या. शेवटपर्यंत त्या चार पावलं मागं राहिल्या नाहीत.

पुढं १९४३ ते ४६ या काळात प्रति सरकार उभं राहिलं. तेव्हा सांगलीचा बराच भाग सातारा जिल्ह्यातच होता. त्याचे नेते क्रांतिसिंह नाना पाटील यांचं नाव आपण इंग्रजांशी दिलेल्या लढ्यासाठी घेतो, ते बरोबरच आहे. पण त्या सरकारनं गावोगाव बिनहुंड्याची, बिनबडेजावाची गांधी लग्नं लावली. बायकोला छळणाऱ्या, टाकून देणाऱ्या नवऱ्यांची तक्रार न्यायदान मंडळासमोर येई आणि त्यांना शिक्षा होई. परक्या सत्तेशी लढणाऱ्या माणसांना घरातलं वागणं ही किरकोळ बाब वाटली नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

कर्मवीर भाऊराव पाटलांच्या जयंतीला दरवर्षी २२ सप्टेंबरला आमच्या भागात शाळाशाळांतून भाषणं होतात. बोर्डिंगच्या पोरांना जेवायला घालण्यासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने विकले, शेवटी मंगळसूत्रही दिलं, हे प्रत्येक पोरगं पाठ म्हणतं. लक्ष्मीबाई १९३० साली गेल्या. मला त्या भाषणांत एक गोष्ट खटकते. तो त्याग नवऱ्याच्या कामासाठी केला असं सांगितलं जातं. त्या पोरांची आई होणं हे लक्ष्मीबाईंचं स्वतःचं काम होतं. वेगळ्या जातींच्या लेकरांना एका पंगतीत वाढायचं म्हणजे सोवळं-ओवळं मानणाऱ्या घरातल्या बाईला आतून केवढं बदलावं लागलं असेल! रयत शिक्षण संस्था उभी करणाऱ्यांत त्यांचं नाव बरोबरीनं घ्यायला हवं. नवऱ्याच्या मोठेपणात बायकोचं काम मिसळून टाकायचं नाही, हाही सभ्यतेचाच भाग आहे.

पण या विषयावर मला सगळ्यात जास्त कुणाबद्दल सांगावंसं वाटत असेल तर ते यशवंतराव आणि वेणूताई चव्हाणांबद्दल. यशवंतराव देवराष्ट्र्याचे, म्हणजे आज सांगली जिल्ह्यातले. वाढले कराडात. वेणूताई फलटणच्या मोऱ्यांच्या. २ जून १९४२ला कराडला लग्न झालं आणि दोन महिन्यांनी चले जाव आंदोलन सुरू झालं. नवरदेव भूमिगत झाले. नव्या नवरीच्या वाट्याला पोलिसांचे फेरे आले, मग तुरुंगही आला. सुटल्यावर त्या आजारी पडल्या, फलटणला माहेरी गेल्या. यशवंतराव तेव्हा पोलिसांना हवे होते. सहकाऱ्यांच्या साथीनं त्यांनी स्वतःला महिनोन् महिने लपवून ठेवलं होतं. बायको फार आजारी आहे हे कळल्यावर ते तिला बघायला फलटणला गेले आणि तिथंच पकडले गेले. 'कृष्णाकाठ'मध्ये त्यांनी हे सगळं सांगितलं आहे. चळवळीच्या हिशेबानं ती चूक होती असं कुणी म्हणेल. मी म्हणणार नाही. आपल्यामुळे तुरुंगात गेलेल्या, आपल्यामुळे खंगलेल्या बाईच्या उशाशी एकदा जाऊन बसणं हे त्यांना टाळता आलं नाही.

पुढं ते मुख्यमंत्री झाले, संरक्षणमंत्री झाले, गृह, अर्थ, परराष्ट्र ही खाती सांभाळली. परदेशी गेले की तिथून वेणूताईंना पत्रं लिहीत. ती पत्रं 'विदेश-दर्शन' या पुस्तकात वाचायला मिळतात. मी ती पुन्हापुन्हा वाचली आहेत. त्यात मी पोचलो, तब्येत बरी आहे, औषधं वेळेवर घे एवढंच नाही. आज कुणाशी काय बोलणं झालं, तो माणूस कसा वाटला, शहर कसं आहे, काय पाहिलं, हे सगळं ते सविस्तर लिहितात. दिवसभर बैठका करून दमलेला देशाचा मंत्री रात्री हॉटेलच्या खोलीत बसून घरी राहिलेल्या बायकोला जग सांगतो. तिला यातलं काय कळणार, असं त्यांच्या मनातही येत नाही. आपल्याकडं कामावरून आलेल्या नवऱ्याला "आज काय झालं?" म्हणून विचारा, "तुला काय करायचंय?" हे उत्तर तयार असतं. त्या उत्तराच्या शेजारी ही पत्रं ठेवून बघा.

१ जून १९८३ला वेणूताई गेल्या. दुसऱ्या दिवशी लग्नाला एक्केचाळीस वर्षं पुरी होणार होती. त्यानंतर यशवंतराव दीड वर्षच जगले. कराडात त्यांनी स्मारक उभारायचं ठरवलं ते स्वतःचं नाही, वेणूताईंचं. यशवंतरावांची पुस्तकं त्या स्मारकाच्या ग्रंथालयात आहेत. कराडला गेलात तर जरूर बघून या.

मोठ्या माणसांचं सोडा, आम्हाला कुठं जमतंय, असं म्हणणाऱ्यांसाठी एका साध्या माणसाची गोष्ट सांगते. ऑगस्ट २०१९चा महापूर. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. एका शाळेत लोकांना आणून ठेवलं होतं, तिथं आम्ही मदतीला होतो. बोटीतून एक म्हातारं जोडपं आलं, दोघंही सत्तरी ओलांडलेली, नखशिखांत भिजलेली. वर्ग माणसांनी गच्च भरलेला. आम्ही म्हातारीच्या हातात कोरडं लुगडं दिलं, पण बदलायला आडोसा नव्हता. म्हाताऱ्यानं कुणाला काही न विचारता मदतीत आलेली चादर उलगडली. तिला भिंतीच्या कोपऱ्यात उभं केलं, चादरीची दोन टोकं दोन्ही हातांत धरून हात पसरले आणि स्वतःचं तोंड आमच्याकडं, वर्गाच्या दिशेला केलं. हात थंडीनं थरथरत होते. त्याच्या अंगावरचं धोतर गळत होतं, पायाखाली पाण्याचं थारोळं झालं होतं. ती आतून म्हणाली, "झालं." तेव्हा त्यानं हात खाली घेतले आणि मग स्वतःसाठी कोरडं काही मिळतंय का ते विचारलं. पन्नासएक वर्षांचा संसार, तरी तो मागं वळून बघत नव्हता. त्याला ही रीत कुणी शिकवली असेल मला माहीत नाही, पण ती त्याच्या हाडात होती.

आजची पोरं प्रेम दाखवायला कमी पडत नाहीत. कासच्या पठारावर, लिंबच्या बारामोटेच्या विहिरीवर लग्नाआधीचे फोटो काढायला जोडपी जातात. मुलगा गुडघ्यावर बसून अंगठी पुढं करतो, मुलगी लाजते, फोटो खरंच सुंदर येतो. त्यात मला काही वाईट दिसत नाही, आमच्या वेळी लग्नाआधी एकमेकांचा आवाजही ऐकला नव्हता. फक्त तो मुलगा त्याच मुलीला पुढं चार वर्षांनी मोटरसायकलवर बसवताना मी बसस्टँडवर बघते. काखेत लेकरू, हातात पिशवी, तिचा पाय अजून फूटरेस्टवर टेकलेला नसतो आणि गाडी सुटलेली असते. "बसलीस का?" हे दोन शब्द विचारायला पैसा लागत नाही, शिक्षणही लागत नाही. उतरताना पिशवी आपल्या हातात घ्यायची, पंगतीत बायकोला आपल्याबरोबर बसवायचं, तिचं बोलणं चालू असताना मधेच "तुला कळत नाही, गप बस" म्हणायचं नाही. मी ज्या रीतीची बाजू घेते आहे ती एवढी साधी आहे.

सार्वजनिक जागेतही तिची कसोटी लागते. महाराष्ट्रात पंचायतींत निम्म्या जागा बायकांना आहेत. गावागावांत बाई सरपंच निवडून येते आणि फोन नवरा उचलतो, खुर्चीशेजारी खुर्ची टाकून नवरा बसतो, ग्रामसेवक त्याच्याकडं बघून बोलतो. अशा नवऱ्यांपैकी पुष्कळ जण बायकोला जीव लावणारे असतात, हे मी जवळून पाहिलं आहे. तरीही त्यांनी कार्यालयाच्या दारापाशी थांबावं. बायकोला दारापर्यंत सोडावं, आत जाऊ नये. तिला येत नसेल तर ती चुकत शिकेल, जसे पुरुष आजवर चुकत शिकले.

बायकांनाही मला दोन शब्द सांगायचे आहेत. नवऱ्याची कमाई त्याच्या भावाशी, बहिणीच्या नवऱ्याशी तोलून दाखवणं, लेकरांसमोर "तुझ्या बापाला काय जमतंय" म्हणणं, भांडण झालं की मोबाईलवर सगळ्या गावाला कळेल असं स्टेटस ठेवणं, हे पाहुण्यांना ती भाकरी दाखवण्यासारखंच आहे. समुपदेशनाला येणारे पुरुष हे सांगताना खाली बघतात. त्यांनाही लागतं. पण घर, जमीन, पैसा आणि चारचौघांतलं वजन बहुतेक घरांत अजून पुरुषाकडं आहे, म्हणून पहिलं पाऊल त्यानं टाकावं असं मी म्हणते.

हे पाऊल किती लांब जाऊ शकतं याचं उदाहरण आपल्या शेजारीच घडलं. करमाळ्याच्या प्रमोद झिंजाडे यांनी लेखी प्रतिज्ञापत्र करून ठेवलं की माझ्या मृत्यूनंतर माझ्या पत्नीचं कुंकू पुसू नये, मंगळसूत्र तोडू नये, बांगड्या फोडू नयेत. ४ मे २०२२ला शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं विधवांवरच्या या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. आपण नसू तेव्हाही बायकोच्या अंगाला कुणी हात लावू नये, याची तजवीज नवरा जिवंतपणी करून ठेवतो. माझ्या सासूबाईंच्या वेळी असं लिहून ठेवणारं कुणी नव्हतं. सासरे गेले त्या दिवशी न्हाणीघरात त्यांच्या बांगड्या फोडल्या तेव्हा मी दाराशी उभी होते. मनगटातून रक्त आलं होतं.

म्हणून वाचणाऱ्या प्रत्येक नवऱ्याला माझी विनंती आहे. दिवाळीच्या पाडव्याला बायको तुम्हाला ओवाळते आणि तुम्ही तबकात साडी किंवा पाकीट टाकता. या वर्षी साडी जरूर द्या, पण तिच्याबरोबर दोन कागदही द्या. एक घराचा उतारा, ज्यावर तुमच्या नावाशेजारी तिचं नाव चढलेलं असेल. दुसरा तुमच्या सहीचा, तुमच्या माघारी तिच्या बांगड्यांना कुणी हात लावायचा नाही असं लिहिलेला. ग्रामपंचायतीत अर्ज देऊन नाव लावायला थोडे दिवस लागतात, तेव्हा दिवाळी येईपर्यंत थांबू नका, याच आठवड्यात अर्ज द्या.